क्लब विकत घेतला तर माणसंही मिळतात का?

"काका, मालकान क्लब इकत घेतल्यान तर बघणारी माणसा पण तेकाच गावतत काय?"

पुतण्याने हे विचारलं तेव्हा आम्ही खळ्यात बसून सुपाऱ्या सोलत होतो. तो तेरा वर्षांचा आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली मँचेस्टर सिटीची जर्सी त्याच्या अंगावरून उतरत नाही. कुठल्याशा क्लबचा सौदा झाल्याचं त्याने मोबाईलवर वाचलं होतं आणि त्याची शंका रास्त होती. खेळाडू विकत मिळतात, मैदान मिळतं, नाव मिळतं, मग दर शनिवारी येणारी माणसं त्या सौद्यात धरलेली असतात की नसतात?

नसतात. पण का नसतात हे सांगायला मला विम्बल्डनची अख्खी गोष्ट सांगावी लागली. तीच इथे लिहितो आहे, कारण आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला रात्री जागून इंग्लंडचा फुटबॉल बघणारी पोरं आता घरटी एक तरी आहे आणि त्यांच्यातल्या फार थोड्यांना ही गोष्ट ठाऊक आहे.

टेनिसचं विम्बल्डन सगळ्यांना माहीत असतं. दक्षिण लंडनच्या त्याच उपनगरात १८८९ साली एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी फुटबॉलचा क्लब काढला. सुरुवातीला ते विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे गावाच्या सामायिक माळरानावर खेळायचे. १९१२ पासून प्लाव लेन हे त्यांचं मैदान झालं. त्यानंतर कित्येक दशकं हा एक साधा हौशी क्लब होता. १९६३ मध्ये त्यांनी हौशी संघांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, त्या अंतिम सामन्यात एडी रेनॉल्ड्सने चार गोल केले आणि चारही डोक्याने.

पुढचं समजायला इंग्लंडच्या फुटबॉलची रचना समजून घ्यावी लागते. ती उतरंडीसारखी आहे. सगळ्यात वरच्या मडक्यात देशातले सर्वांत बलाढ्य क्लब, त्याखाली दुसरा थर, तिसरा, चौथा आणि त्याखाली गावागावांच्या छोट्या क्लबांचे कितीतरी थर. हंगाम संपला की प्रत्येक थरातले वरचे काही क्लब एक पायरी चढतात आणि तळाचे काही एक पायरी उतरतात. पैसे भरून वर जाता येत नाही, जिंकूनच जावं लागतं. म्हणजे तत्त्वतः आपल्या शिरोड्याच्या पोरांचा संघही वर्षानुवर्षं जिंकत राहिला तर एक दिवस सर्वांत वरच्या थरात पोहोचू शकतो. आपल्या आयपीएलमध्ये हे नाही, आयएसएल या भारतातल्या फुटबॉल लीगमध्येही बरीच वर्षं नव्हतं, तिथे संघ म्हणजे विकत घेतलेला हक्क. हा फरक नीट ध्यानात ठेवा, सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

विम्बल्डनने ही उतरंड खरोखर चढून दाखवली. १९७७ मध्ये त्यांना चार व्यावसायिक थरांतल्या सर्वांत खालच्या थरात प्रवेश मिळाला. १९८६ मध्ये ते थेट सर्वांत वरच्या थरात होते. नऊ वर्षांत! आणि १४ मे १९८८ ला वेम्बली मैदानावर एफए कप या इंग्लंडच्या मानाच्या करंडक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी लिव्हरपूलला १-० ने हरवलं. लॉरी सांचेझने डोक्याने गोल केला. लिव्हरपूलच्या जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी गोलरक्षक डेव्ह बीझंटने डावीकडे झेप घेऊन अडवली. एफए कपच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ. त्या काळातलं लिव्हरपूल म्हणजे काय होतं हे जुन्या माणसांना विचारा. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत लीगमध्येही नसलेल्या उपनगरी क्लबने त्यांच्यापुढून करंडक उचलून नेला.

तर ही झाली कमाई. आता ती गेली कशी?

१५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्यात लिव्हरपूलचे ९७ समर्थक गेले. त्यानंतरच्या चौकशी अहवालामुळे वरच्या थरांतल्या क्लबांना उभं राहून बघायच्या पायऱ्या काढून सगळीकडे खुर्च्या बसवणं भाग पडलं. नियम माणसांच्या जिवासाठी होता आणि योग्य होता. पण प्लाव लेन जुनं, अडचणीचं मैदान. तिथे हे जमणार नाही असं मालकाने ठरवलं आणि १९९१ मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेला. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेला हा क्लब तिथे बारा वर्षं राहिला. मधल्या काळात, १९९८ मध्ये, प्लाव लेनची जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. पुढे तिथे इमारती उभ्या राहिल्या.

भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मालक कधीही उठवू शकतो, तसंच काहीसं झालं. क्लब तोट्यात होता, मालक बदलले होते. २००० मध्ये क्लब वरच्या थरातून खाली घसरला. तारीख १४ मे, करंडक जिंकल्याला बरोबर बारा वर्षं झाली होती. २००१ च्या ऑगस्टमध्ये व्यवस्थापनाने जाहीर केलं की क्लब मिल्टन कीन्सला नेणार. हे नव्याने वसवलेलं मोठं शहर, विम्बल्डनपासून साधारण ९० किलोमीटर. आपल्या रत्नागिरी-चिपळूणएवढं अंतर समजा. तिथल्या एका उद्योजकाला शहरासाठी मोठं स्टेडियम हवं होतं आणि स्टेडियममध्ये खेळायला वरच्या थरातला क्लब हवा होता. नवा क्लब तळापासून चढवायचा तर वीस वर्षं जातील. त्यापेक्षा चढलेला क्लबच उचलून आणला तर?

इथे पुतण्याने सुपारी खाली ठेवली. "म्हणजे लायनीत मधेच घुसले."

हो, तेच. आणि कंपनी कायद्याच्या नजरेने बघितलं तर त्यात काही वावगंही नव्हतं, गुंता नेमका इथे आहे. कायद्याला क्लब दिसत नाही, कंपनी दिसते. कंपनीचे शेअर असतात, शेअर ज्याचे त्याची मालकी. कंपनीचं कार्यालय कुठे असावं, कारखाना कुठून कुठे हलवावा हे मालक ठरवतो. पगार घेणारे खेळाडू, लीगमधली जागा, नाव, चिन्ह हे सगळं त्या कंपनीच्या खात्यावर. समर्थक त्या खात्यावर कुठेच नाहीत. कागदावर ते गिऱ्हाईक.

आपल्या सिंधुदुर्गातलंच उदाहरण देतो. दशावताराची कंपनी असते. पेटारे, पोशाख, हार्मोनियम, पखवाज गाडीत टाकून कंपनी आज या गावच्या जत्रेला, उद्या त्या गावच्या. पहाट झाली की निघाली. कंपनीचा मालक बदलला तरी गावाचं काही बिघडत नाही. पण जत्रा? जत्रा हलत नाही. उद्या कोणी म्हणालं की सातेरीची जत्रा यंदापासून कोल्हापुरात भरवू, तिकडे लोकसंख्या जास्त आहे आणि गाड्या लावायला जागा आहे, तर ती जत्रा राहील का? देवीची जागा, मानकरी, गाऱ्हाणं घालणारा, त्याला "होय म्हाराजा" म्हणणारा गाव आणि त्या एका दिवसासाठी रात्रभर एसटीत बसून येणारे मुंबईचे चाकरमानी, या सगळ्यांची मिळून जत्रा होते. मिल्टन कीन्सच्या लोकांना वाटलं आपण दशावताराची कंपनी हलवतो आहोत. विम्बल्डनच्या लोकांसाठी ती जत्रा होती.

ते वर्षभर झगडले. काळे फुगे सोडले, सामना चालू असताना मैदानाकडे पाठ करून उभे राहिले, क्लबची सामनापुस्तिका न घेता स्वतःची छापून विकली. लीगनेही सुरुवातीला स्थलांतराला नकारच दिला होता. प्रकरण लवादाकडे गेलं आणि शेवटी फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे इंग्लंडचा फुटबॉल चालवणाऱ्या संस्थेने, तीन जणांचा आयोग नेमला. २८ मे २००२ ला आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. समर्थकांनी स्वतःचा नवा क्लब काढण्याची शक्यताही त्या निकालात चर्चेला आली होती आणि तसं करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नसेल, असं त्यात लिहिलं होतं. हे शब्द विम्बल्डनच्या माणसांना आजही तोंडपाठ आहेत.

दोन दिवसांनी, ३० मे ला, ते जमले आणि नवा क्लब काढला. नाव एएफसी विम्बल्डन.

बोलायला सोपं आहे, पण क्लब काढायचा म्हणजे काय काय लागतं बघा. खेळाडू नव्हते, प्रशिक्षक नव्हता, मैदान नव्हतं, लीग नव्हती, जर्सीही नव्हती. हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होणार होता. २९ जूनला विम्बल्डन कॉमनवर त्यांनी खुली निवड चाचणी ठेवली. ज्या माळावर ११३ वर्षांपूर्वी शाळेची पोरं खेळली होती त्याच माळावर. २३० जण आले. कुठल्याही क्लबशी करार नसेल तर या, एवढीच अट. लंडनच्याच किंग्सटन भागात किंग्समेडो नावाचं छोटं मैदान वाटून घेण्याची सोय झाली. कंबाइंड काउंटीज लीगने त्यांना सामावून घेतलं, उतरंडीत कितीतरी खालची, जिथे एरवी सामन्याला शंभर माणसं आली तरी खूप. १० जुलैला सटन युनायटेडविरुद्ध पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. रांगा एवढ्या लांबल्या की सामना उशिरा सुरू करावा लागला. ४,६५७ प्रेक्षक आणि निकाल ०-४. सपाटून हार. तरी तो दिवस तिथल्या माणसांना सणासारखा आठवतो.

पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर याच वर्षात आहे. जुनी कंपनी अजून सेलहर्स्ट पार्कवर दुसऱ्या थरात खेळत होती. खेळाडू तिचे, लीगमधली जागा तिची, करंडकाची प्रतिकृतीसुद्धा तिचीच. पण तिच्या घरच्या एका सामन्याला तर हजार माणसंही जमली नाहीत. त्याच हंगामात एएफसी विम्बल्डनच्या घरच्या सामन्यांना सरासरी ३,००० च्या आसपास माणसं येत होती, हौशी खेळाडूंचा खेळ बघायला. पैसे मोजून घेतलेल्यांच्या हातात कंपनी राहिली आणि क्लब चालत दुसरीकडे गेला.

इथे दुसरी गोष्ट समजावतो, कारण आपल्याकडे तिची चर्चाच होत नाही. समर्थकांचा क्लब म्हणजे नक्की कोणाच्या मालकीचा? त्यासाठी त्यांनी डॉन्स ट्रस्ट ही संस्था केली, डॉन्स हे विम्बल्डनचं टोपणनाव. ही बहुतांशी आपल्या सहकारी सोसायटीसारखी. मच्छीमार सोसायटीत एकाच्या चार होड्या असोत की दुसऱ्याची एक पात, सभेत मत एकच. डॉन्स ट्रस्टचंही तसंच. ठरलेली वार्षिक वर्गणी भरा, सभासद व्हा, एक मत मिळवा. सभासद संचालक मंडळ निवडतात. क्लब चालवणाऱ्या कंपनीचं बहुमत या ट्रस्टच्या हाती, म्हणजे बाहेरचा कोणी शेअर घेऊन आला तरी बहुसंख्य सभासदांनी हात वर केल्याशिवाय क्लब इकडचा तिकडे करू शकत नाही. एका मालकाच्या सहीने झालेली गोष्ट पुन्हा एका सहीने होऊ नये, म्हणून ही व्यवस्था.

याची किंमतही असते. मोठा मालक असेल तर तो एका धनादेशाने खड्डा बुजवतो. इथे सभा, वाद, मतदान, पुन्हा वर्गणी. ज्याने कुठल्याही सोसायटीची वार्षिक सभा बघितली आहे त्याला मी अधिक काय सांगू. तरीही मला हीच व्यवस्था पटते. वाद घरात व्हावेत आणि घर आपलं असावं.

चढण पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात हा संघ लीगमध्ये ७८ सामने हरलाच नाही. २००४, २००५, २००८, २००९ अशा बढत्या मिळत गेल्या. २१ मे २०११ ला मँचेस्टरमध्ये ल्यूटन टाउनशी निर्णायक सामना झाला. गोलशून्य बरोबरी, मग पेनल्टी. लहानपणापासून याच क्लबचा समर्थक असलेल्या सेब ब्राउनने दोन पेनल्टी अडवल्या, कर्णधार डॅनी केडवेलने शेवटची मारली आणि नऊ वर्षांत समर्थकांचा क्लब पुन्हा व्यावसायिक लीगमध्ये आला. पूर्वीच्या क्लबला १९७७ ते १९८६ ही नऊ वर्षं लागली होती, यांनाही नऊच. २०१६ मध्ये वेम्बलीवर प्लिमथला २-० ने हरवून ते तिसऱ्या थरात गेले.

जुन्या कंपनीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २००३ मध्ये तिने मिल्टन कीन्समध्ये खेळायला सुरुवात केली आणि २००४ मध्ये नाव बदलून मिल्टन कीन्स डॉन्स केलं. इतिहास कोणाचा यावर वाद चालूच होता. अखेर २००७ मध्ये एफए कपची प्रतिकृती आणि बाकीच्या जुन्या चीजवस्तू मर्टनच्या नगर परिषदेकडे, म्हणजे विम्बल्डन ज्या हद्दीत येतं तिथे, परत आल्या. १९८८ आमचं नाही, असं मिल्टन कीन्सने मान्य केलं. मला हा प्रसंग मैदानावरच्या कुठल्याही विजयापेक्षा मोठा वाटतो. घेतलेलं परत देणं कोणालाच सोपं नसतं.

मिल्टन कीन्सच्या पोरांचा मात्र राग धरू नका, असं मी पुतण्याला मुद्दाम सांगितलं. ज्याचा जन्म २००५ नंतर त्या शहरात झाला त्याचा तोच क्लब, बापाचं बोट धरून त्याने तोच बघितला. आणि विम्बल्डनच्या बाजूनेही एक सल आहे. किंग्समेडो हे मुळात किंग्सटोनियन या जुन्या क्लबचं घर. एएफसी विम्बल्डनने ते मैदान घेतलं आणि पुढे स्वतःच्या स्टेडियमसाठी पैसा उभा करायला ते चेल्सीला विकलं. २०१७ मध्ये किंग्सटोनियनला तिथून निघावं लागलं. ज्यांना बेघर होणं म्हणजे काय हे पुरतं ठाऊक होतं, त्यांच्या घरवापसीत दुसरा एक क्लब बेघर झाला. विम्बल्डनच्या कित्येक समर्थकांनाही ते खुपलं. गोष्ट सांगायची तर हेही सांगायला हवं.

घरवापसी झाली ती अशी. जुन्या प्लाव लेन मैदानापासून हाकेच्या अंतरावर कुत्र्यांच्या शर्यतींचं एक जुनं स्टेडियम होतं. ती जागा मिळवण्यात वर्षं गेली. बांधकामाला पैसे कमी पडले तेव्हा बाहेरच्या गुंतवणूकदाराला मोठा वाटा द्यावा का यावर वाद झाला. समर्थकांनी दुसरा मार्ग काढला, आपल्याच माणसांकडून रोख्यांच्या रूपाने कर्ज घ्यायचं. व्याज किती हवं ते देणाऱ्यानेच सांगायचं, नको असेल तर शून्य. ५० लाख पौंडांहून अधिक जमले. ३ नोव्हेंबर २०२० ला नव्या प्लाव लेनवर पहिला सामना झाला, डॉनकास्टरशी २-२. पण तेव्हा कोविड. एकोणतीस वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी एकाही समर्थकाला आत जाता आलं नाही. नऊ हजारांवर रिकाम्या जागा आणि मैदानात बावीस माणसं. स्टेडियमसाठी पैसे देणारे आपापल्या घरी पडद्यासमोर बसले होते.

मला या क्लबची ओळख झाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये, एका फोटोमुळे. प्लाव लेनच्या शेजारून वँडल नावाची छोटी नदी वाहते. मुसळधार पावसात ती मैदानात शिरली. पाणी ओसरल्यावर दिसलं की हिरवळीच्या कडेला जमीन खचून मोठा खड्डा पडला आहे. दोन दिवसांवर न्यूकॅसलशी मोठा सामना होता, तो न्यूकॅसलला हलवावा लागला. फोटोतला तो चिखल बघून मला २०२१ च्या जुलैतलं चिपळूण आठवलं. वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर आम्ही गावातले आठ-दहा जण टेम्पोत फावडी, खराटे, बादल्या टाकून माझ्या मावशीकडे गेलो होतो. गाळ सुकायच्या आत ओढावा लागतो, नाहीतर दगड होतो. तिच्या माजघरातून काढलेल्या पहिल्या घमेल्यात तांदूळ, शाळेची पुस्तकं आणि देव्हाऱ्यातली घंटा एकत्र होती. कोण कुठला विचारत नव्हतं, जो येईल त्याच्या हातात फावडं देत होते. विम्बल्डनच्या बातमीतही पुढे तेच वाचलं. समर्थकांनी लगोलग पैसे गोळा केले, मदतीला माणसं आली आणि काही आठवड्यांत मैदान पुन्हा खेळतं झालं. त्याच हंगामाच्या शेवटी, २६ मे २०२५ ला, वेम्बलीवर वॉलसॉलला १-० ने हरवून ते पुन्हा तिसऱ्या थरात गेले. मिल्टन कीन्स त्यांच्या एक थर खाली राहिलं.

पुतण्या गप्प होता. मग म्हणाला, पुण्याचं काय झालं? त्याला एफसी पुणे सिटी आठवत होतं, त्याच्या चुलतभावाकडे तिची जर्सी आहे. २०१९ मध्ये ती फ्रँचायझी बंद झाली आणि तिच्या जागी हैदराबाद एफसी आलं. दर सामन्याला बालेवाडीला जाणारी पोरं होती, गाणी रचणारी, ढोल वाजवणारी. त्यांच्या हातात सोसायटी नव्हती आणि खालून चढत यायला उतरंडही नव्हती. जिना नसेल तर निष्ठा कितीही असो, माणूस अंगणातच उभा राहतो. आपल्याकडे समर्थक कमी पडतात असं जे म्हणतात त्यांना मी हे सांगत आलो आहे.

आमच्याही वाडीत भातकापणी झाल्यावर ज्या कुणग्यात पोरं फुटबॉल खेळायची तो यंदा प्लॉट पाडून विकला गेला. ज्यांची जमीन त्यांनी विकली, त्यांना गरज होती. पोरांनी गोलचे खांब उपटून आणले, पोफळीचे चार सोट आणि वर बांधलेले दोन बांबू, आणि आमच्या खळ्याच्या कडेला झावळांखाली ठेवले. त्या संध्याकाळी सुपाऱ्यांची टोपली भरल्यावर पुतण्या उठून तिकडे गेला, एक सोट उचलून वाळवी लागली आहे का ते बघितलं आणि खालचा वीतभर भाग कोयत्याने तासून काढला. मग विचारलं, खालच्या मळ्यातल्या आबांना विचारूया काय, दिवाळीनंतर त्यांचो कुणगो रिकामोच असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गेलो. आबा म्हणाले, कुळीथ पेरायच्या आधी खेळा, आणि गुरांसाठी कवाड लावून घ्या.